आत्याचं पस्तान

आमच्या आत्याला आलेप्पीला जायचं होतं. एवढीच तिची मागणी होती, आणि आमच्या घरानं ती कशी पुरवली ते मी सांगते. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. मी काही कुणाची मर्जी राखायला बसलेली नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला मुरबाडच्या पलीकडं दिली होती. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका बोचक्यासकट बाहेर काढली. बोचकं डोक्यावर घेऊन ती चालत सापगावला आली, ती कायमची. आमच्या घरातली चूल तिची, गोठा तिचा, लावणी-झोडणी तिची, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं हगणं-मुतणं शेवटपर्यंत तिनंच काढलं. बाबा भातसानगरला धरणावर नोकरीला होते, त्यांचा डबासुद्धा तिच्याच हातचा. आणि आई चारचौघींत म्हणायची, आमी सांभाळतो हो तिला, जाणार कुठं बिचारी! मी कॉलेजात जाईपर्यंत मलाही हे खरंच वाटायचं. मग एकदा आत्या तापानं पडली आणि घरात सकाळी चहासुद्धा कुणाला मिळेना, तेव्हा कोण कुणाला सांभाळतं ते मला कळलं.

आलेप्पी आमच्या घरात आली ती कॅलेंडरवरून. शहापूरच्या खताच्या दुकानातून दिवाळीला कॅलेंडर मिळायचं, त्या वर्षी त्यावर कालव्याचा फोटो होता. दोन्ही बाजूंना जुन्या वखारी, नारळीची झाडं, मधून पाणी, आणि पाण्यात एक लांबडी होडी. होडीत एक म्हातारी बसलेली. वर्ष संपलं, कॅलेंडर बदललं, पण तो फोटो आत्यानं कापून चुलीच्या वरच्या भिंतीला भातानं चिकटवला. मी विचारलं, काय आहे गो त्यात एवढं? तर म्हणाली, "ती बघ, बसून चाललीय. बोचकं पायाशी ठेवलंय, डोक्यावर काय नाय."

ती आठवड्याला काकड्या-भोपळे घेऊन शहापूरला विकायला जायची. तिथं दवाखान्यातली एक नर्स तिचं गिऱ्हाईक होती, केरळची. तिनं फोटोतलं गाव ओळखलं. मग काय विचारता! दर आठवड्याला टोपलीभर भाजी जायची आणि टोपलीभर माहिती यायची. ते कालवे राजाच्या वेळचे आहेत, तांदूळ आणि सुंभ त्यातून जहाजापर्यंत जायचं. श्रीमंत लोक घरासारख्या बोटी भाड्यानं घेतात, त्या आपल्याला नकोत. सरकारी बोट असते, आपल्या एसटीसारखी, थांब्याथांब्याला थांबते, तिच्यात बसायचं. राहायला देवळाची धर्मशाळा. पाऊस दोनदा असतो तिकडं, म्हणून भात घरात आल्यावर जायचं. आत्याला वाचता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. काही गोष्टी चुकीच्याही होत्या, म्हणजे त्या गावात रस्तेच नाहीत, शेजाऱ्याकडं विरजण मागायलाही होडीनं जावं लागतं, असं ती ठासून सांगायची.

बाबा हसायचे. "मी रोज कालव्यावर असतो की. माझ्याबरोबर चल, फुकट दाखवतो," असं म्हणायचे. आत्या एकदाच उलटून बोलली. म्हणाली, आपलं पाणी आपल्याला टाकून मुंबईला जातं, दादा. तिथलं पाणी माणसांना घेऊन जातं. ते वाक्य बाबांना आवडलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी बाबाच म्हणाले, चला, जाऊ या आलेप्पीला.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कामापुरता मामा म्हणतात ना, आमच्यात खराखुरा मामा होता. तो मुरबाडला राहायचा, कल्याणला जीप चालवायचा. मामीच्या भावाचा मुलगा लग्नाचा होता, ठाण्याला कारखान्यात चिकटलेला. त्या भावाला आणि त्याच्या बायकोला खूश करायचं, चार दिवस बरोबर राहून माझं जमवून टाकायचं, असा तो बेत होता. पाहुण्यांना न्यायचं कुठं? शिर्डीला तर सगळेच जातात. आत्याचं आलेप्पी तयार होतं, शिजवून वाढलेलं. गाडी कुठली, उतरायचं कुठं, स्वस्तात राहायचं कुठं, सगळं तिनं जमवून ठेवलं होतं. फक्त उचलायचं बाकी होतं.

आत्या तर हरखून गेली. झोडणीच्या दिवसांत बाई थकून ओट्यावर आडवी व्हायची, ती त्या वर्षी झोडणी आटपून लाडू वळायला बसायची. बाहेरचं खाऊन पैसे घालवायचे नाहीत, म्हणून चार दिवसांचं सगळं तिनं केलं. गुळाच्या दशम्या, तिखटाच्या पुऱ्या, सुकटीची चटणी. सुकटीचा वास गाडीत येईल म्हणून दुहेरी फडक्यात बांधून डब्यात घातली. मला विचारायची, बोटीत चपला काढायच्या का गो? पाणी म्हणजे देव, बरं दिसत नाय. मी म्हटलं, सगळे काढतील तर काढ.

तिकिटं बाबांनी आणली. गाडी पनवेलहून, गुरुवारची. आईनं पंचांग बघितलं आणि कपाळाला हात लावला, कारण गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ. केरळ दक्षिणेला. तेव्हा ठरलं की पस्तान ठेवायचं.

पस्तान म्हणजे आमच्याकडची जुनी तोड. जायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं एक बोचकं जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायचं. आत एक लुगडं, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. बोचकं गेलं म्हणजे माणूस निघालं. मग खऱ्या दिवशी ज्याचं बोचकं त्यानं उंबरा ओलांडायचा, ते उचलायचं आणि पुढं चालू पडायचं. मागं वळायचं नाही. प्रवास झाल्याशिवाय पस्तान घरात परत येत नाही, आणि कुणी आणलंच तर त्या घरातलं माणूस जातं, असं सगळे मानतात.

घरातून एकाचं ठेवलं तरी चालतं. आई म्हणाली, "वन्सं, तुमचंच ठेवा. तुमच्या हौसेनं चाललोय आमी." आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या सगळ्या आयुष्यात सगळ्यांच्या वतीनं पुढं हो असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं आपलं एकुलतं चांगलं लुगडं बांधलं आणि आमच्या घराच्या दक्षिणेला, चार पावलांवर, एकटी राहणाऱ्या म्हातारीकडं नेऊन ठेवलं.

आणि आईला तेव्हा माहीत होतं. तिकीट आत्याचं काढलेलंच नव्हतं. हे बोचक्याचं नाटक कशासाठी, तर लाडू पुरे व्हावेत म्हणून. आधी कळलं असतं तर ती हातातलं टाकून बसली असती ना!

गुरुवारी सकाळी मामाची जीप आली. मामी, तिचा भाऊ, भावजय, सगळे मागं दाटीवाटीनं. डबे चढले. मी चढले. आत्या रीतीप्रमाणे आधीच उंबरा ओलांडून, देवाला नमस्कार करून, म्हातारीच्या ओट्यावर गेली होती. बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, पायांत नव्या चपला. जीप तिच्यासमोर थांबली. ती उठली, पदर सावरला आणि आईनं खिडकीतून हात बाहेर काढला. हातात घराची चावी.

"वन्सं, म्हैस आजउद्या व्यायची. कुणीतरी घरी पाहिजेच ना."

आत्यानं चावी घेतली नाही. हात पुढंच केला नाही. चावी खाली धुळीत पडली. बाबा समोर काचेतून रस्ता बघत होते, जणू रस्ता पळून जाणार होता. मी ओरडले की माझ्या जागी तिला घ्या, मी राहते म्हशीपाशी. तेव्हा गाडीत तिकिटावरचं नाव कोण बघत होतं? आईनं माझा दंड असा पकडला की नखं रुतली. आणि हळू म्हणून जे बोलली ते जीपमधल्या आणि ओट्यावरच्या प्रत्येकानं ऐकलं.

"टाकलेल्या बाईला सोयरिकीच्या माणसांत कुठं बसवू?"

मी उतरले. मोठा त्याग वगैरे काही नाही, मला राग आला की मी मागचंपुढचं बघत नाही, आणि जीपमध्ये मला ओकारी होतेच. आई म्हणाली, मर तिकडंच तिच्याबरोबर. जीप गेली. पाहुण्यांनी मागं वळून आमच्याकडं असं बघितलं की सोयरीक तिथंच संपली, पुढं केरळपर्यंत उगाच ती ओढत नेली.

मी चावी उचलली आणि आत्याला म्हटलं, चल, घरी जाऊ. ती ओट्यावर परत बसली.

"मी निघाले गो. निघालेलं मानूस परत कसं येनार?"

मला वाटलं रागात बोलतेय, संध्याकाळी येईल. संध्याकाळ झाली, नाही आली. म्हातारीनं तिला भाकरी दिली, ती तिथंच खाल्ली, तिथंच निजली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचा ओटा सारवत होती. मी आमचा गोठा काढत होते, मधे कुंपण आणि चार पावलं. मी हाक मारली तर म्हातारीला सांगते, "त्या घरची बाई गावाला गेलीय म्हनावं."

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर म्हैस अडली. रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. आमच्या घरात म्हशीला हात घालून पाय सोडवणारं माणूस एकच, ते कुंपणापलीकडं बसलं होतं. मी पळत गेले, पाया पडले. आत्या कानांवर दोन्ही हात दाबून भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी गळत होतं. त्या म्हशीला तिनं पारडू असल्यापासून वाढवलं होतं. ती उठली नाही. म्हातारी आणि मी दोघींनी ओढून काढलं, रेडकू मेलेलं निघालं. म्हैस ते चाटत राहिली. मला आत्याचा त्या दिवशी जितका राग आला तितका बाबांचाही आला नव्हता. पण एक सांगते, कुणी मला विचारलं की मग तिनं यायला हवं होतं का, तर मी अजून हो म्हणत नाही.

घरचे परत आले ते केळ्याचे वेफर आणि नारळाच्या करवंटीचं माकड घेऊन. मेलेल्या रेडकाचं कळल्यावर बाबा कुंपणापाशी जाऊन गरजले. आत्या शांतपणे म्हणाली, मी पोचले नाय अजून दादा, पोचले की येते. आधी ते हसले, मग शिव्या दिल्या, मग गावातली चार जाणती माणसं बोलावली. जाणत्या माणसांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, पस्तान कुणाचं ठेवलं होतं? आईला सांगावंच लागलं, वन्संचं. मग म्हणाले, बाई बरोबर बोलतेय. निघालेली आहे ती.

बाबा तणतणत ते बोचकं उचलायला म्हातारीच्या घरात शिरले. म्हातारी म्हणाली, ने की रे. कोण जायचं ते आधी ठरवून ने. बाबांचा हात बोचक्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला. नियम त्यांनीच वापरला होता, आता तो त्यांच्याच गळ्यात पडला.

आणि मग आमच्या घराची जी दैना झाली! आई पहाटे उठून शेण काढायला लागली, तिच्या हातांना भेगा पडल्या. डब्यात करपलेली भाजी. लावणीला बाया मजुरीनं आणाव्या लागायच्या, आणि त्या बायांत पुढच्या ओळीला आत्या असायची, आमच्याच शेतात, रोजावर. संध्याकाळी आईच्या हातून रोज घ्यायची आणि कुंपणापलीकडं जायची. मेल्या म्हशीला मणभर दूध तसं आई आता चारचौघींत सांगायची, वन्संच्या हाताला काय चव होती! वन्सं चार पावलांवर जिवंत, आणि आई भूतकाळात बोलायची.

वर्षं गेली. मी लग्न होऊन मुरबाडला गेले, तिथं अंगणवाडीत लागले. म्हातारी वारली, तिचं घर आत्याकडंच राहिलं. मी माहेरी आले की दोन्ही घरी जेवायचे. मी तिला कितीदा म्हटलं, चल, मी नेते तुला. ती म्हणायची, ज्यानं मला मागं ठेवलं त्यानं पाठवू दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी ती.

मग बाबांना पोटाचं दुखणं लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. त्यांनी आपली खाट दक्षिणेच्या खिडकीशी घ्यायला लावली. तिथून म्हातारीचा ओटा दिसतो. दिवसभर ते तिकडं बघायचे आणि आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसायची, एकदाही मान वर न करता. एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिला घेऊन जा तिकडं. पोचू दे. लवकर जा आनि लवकर आन."

तर अशी मी आलेप्पीची तयारी दुसऱ्यांदा बघितली. या वेळी घाईची, आणि स्वस्तात स्वस्त. माझ्याकडं तरी काय होतं, अंगणवाडीचं मानधन! साध्या डब्यातली दोन तिकिटं, तीच धर्मशाळा, तीच सरकारी बोट, सगळं नर्सनं सांगितलेलं. ती नर्स केव्हाच बदलून गेली होती, पण आत्याला अजून सगळं पाठ होतं. मी बाबांचा निरोप सांगितला तेव्हा तिनं फक्त विचारलं, "त्यानं सोता सांगितलं?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि बोचकं घेऊन आली. लुगड्याला कसर लागली होती, तांदळात किडे झाले होते. तिनं तांदूळ बदलले नाहीत. माझ्या मनात आलं की मी बाबांपाशी बसायला हवं, डॉक्टर दिवस मोजत होते. पण बाबांना मी नको होते, ती हवी होती.

आलेप्पीचं काय सांगू? फोटोतल्यापेक्षा पाणी मळकं होतं. वखारी अर्ध्या बंद, पत्रे गंजलेले. कालव्यात शेवाळ आणि पिशव्या. रस्ते होते, रिक्षा होत्या, विरजण मागायला कुणी होडीनं जात नव्हतं. पण सरकारी बोट खरीच एसटीसारखी होती. आत्या चढली, चपला काढल्या, खिडकीशी बसली. बोट गावाबाहेर निघाली, घरांमागून घरं जायला लागली. मी म्हटलं, बोचकं खाली ठेव की पायाशी, फोटोतल्या बाईसारखं. तिनं ठेवलं नाही, मांडीवरच धरून बसली. प्रत्येक घराच्या मागच्या पायऱ्यांवर एक बाई पाण्यात वाकलेली होती, कुणी पातेली घासत होती, कुणी मासे साफ करत होती. आत्या सगळ्या बायका बघत गेली. बराच वेळ गेला आणि म्हणाली, "हिकडंपन भांडीच घासतात गो." मग हसली. मी तिला इतकं मोठ्यानं हसताना कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या थांब्याला ती उतरली नाही, त्याच बोटीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्या दिवशी गाडी पकडली.

सापगावला पोचलो तेव्हा बाबा होते. बोलत होते, म्हणजे कुजबुजत होते. आई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. आत्यानं पायांवर पाणी घेतलं, बोचकं काखेत मारलं आणि इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडला. सरळ खाटेपाशी गेली. बोचकं बाबांच्या पायाशी ठेवलं आणि खाली बसली. बाबांनी हात पुढं केला, तो तिनं धरला. मला वाटलं, झालं एकदाचं. मी तर रडायलाच लागले होते.

बाबा म्हणाले, "कसं हाय गो तिकडं?"

आत्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं. हात सोडला नाही. आवाज चढवला नाही.

"मला काय इचारतोस? तू आधीच जाऊन आलास ना."

बाबांनी डोळे मिटले आणि हळूहळू तोंड भिंतीकडं फिरवलं. ते पुढं दोन दिवस होते, कुणाशी बोलले नाहीत. आत्यानं त्यांचा हात जपून चादरीखाली ठेवला, उठली, चुलीपाशी गेली. भिंतीवर फोटोच्या जागी नुसता काळा डाग होता. आई पीठ मळत होती. आत्यानं पदर खोचला आणि म्हणाली, "सरका वयनी, मी करते."